तिथे काय आहे?

काचीगुडा, हैदराबाद
१४ जुलै २०२४

सुप्रिया,

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, पण पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही. तेव्हा पाकीट फाडायच्या आधी चार ओळी वाच, मग खुशाल फाड.

मी सप्टेंबरमध्ये स्पितीला चालले आहे. होय, मीच. जिचा नकाशा काचीगुड्याला सुरू होतो आणि कोटीच्या बाजारात संपतो असं तू म्हणायचीस, तीच तुझी ताई. आणि ग्रुप टूरने चालले आहे. आता पोटभर हसून घे.

कारण लपवत नाही. पाच वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तू पिन खोऱ्यातल्या त्या गावात होतीस, जिथे रस्ता संपतो. दोन दिवस मी तुला फोन लावत होते. सगळं आटोपल्यावर तुझा फोन आला आणि तू म्हणालीस, "ताई, तिथे फोन लागतच नाही गं." मी तुला खोटारडी म्हटलं, तू फोन ठेवलास, आणि तेव्हापासून आपण एकमेकींना मेलो.

मी का मानलं नाही, हे तुला ठाऊक आहे. बाबांनी अख्खी नोकरी टेलिफोन खात्यात काढली. जग कुठल्या कुठे गेलं तरी आपल्या घरात अजून सगळ्यांकडे सरकारी सिमच आहे. रोहन कुरकुरतो, सूनबाई तर माहेरी सांगतसुद्धा नाही. पण बाबांचा शब्द होता की जिथे सरकारचा माणूस पोचतो तिथे आपला फोन पोचतो. तुझ्या फोनमध्येही तेच सिम होतं, जाण्याआधी मीच ते रिचार्ज करून दिलं होतं.

तर मी स्वतः जाऊन बघणार आहे. तिथे फोन लागत नसेल तर पुण्याला येऊन तुझ्या दारात उभी राहीन आणि माफी मागीन. लागत असेल, तर पुढचं पुढे.

ग्रुप टूरच का, असं विचारशील. कारण तुझे भाऊजी. "एकटी जाते" म्हटलं तर त्यांनी चष्म्यावरून असं पाहिलं की जणू मी घटस्फोटाचा अर्ज पुढे केलाय. "टूरने जाते" म्हटलं तर म्हणाले, "बरं, स्वेटर घे." तुझ्या स्वतंत्र प्रवासाच्या गप्पांमध्ये ही गोष्ट कधी आली नाही बघ. तुला कुणाला विचारावं लागलं नाही. आमच्यासारख्यांना टूर कंपनी म्हणजे आधी परवानगी आणि मग प्रवास.

तुझी ताई


काचीगुडा
४ ऑगस्ट

सुप्रिया,

पहिलं पत्र परत आलं नाही. म्हणजे एकतर तू वाचलंस, नाहीतर नुसतंच ठेवून दिलंस. दोन्ही चालेल.

काल मलकपेठच्या एका मंगल कार्यालयात टूरची मीटिंग झाली. आमचा टूर मॅनेजर अनिकेत, पस्तिशीचा असेल, गळ्यात शिट्टी. मी इतकी वर्षं शाळेतल्या मुलींच्या सहली नेल्या, पण माझ्या गळ्यात शिट्टी आहे आणि समोर माझ्याच वयाचे लोक रांगेत उभे आहेत असं मला स्वप्नातसुद्धा पडलं नव्हतं. गंमत म्हणजे सगळे खूश होते.

मी त्याला फार प्रश्न विचारले. बसमध्ये पुढची सीट कोणाला? रोज सीटा बदलतात म्हणे, आज पुढे बसणारा उद्या मागे, म्हणजे भांडण नको. जेवण? आचारी बरोबर. बर्फ पडला, दरड कोसळली तर? "मावशी, ती काळजी कंपनीची, तुम्ही फोटो काढा." तू असतीस तर म्हणाली असतीस, मग तुम्ही तिथे जाता कशाला, घरी बसूनच फोटो मागवा की. मीही मनात तेच म्हटलं. पण खरं सांगू? "काळजी कंपनीची" हे ऐकून माझे खांदे खाली आले. इतक्या वर्षांत कुणी मला असं म्हटलेलं नाही.

एकट्या बाईला खोलीत जोडीदार देतात, म्हणजे पैसे कमी लागतात. माझ्या वाट्याला मालनबाई आल्या आहेत. मलकपेठच्याच, सत्तरीला टेकलेल्या, तीन पिढ्या इथेच. मराठी आपल्यापेक्षा जास्त हैदराबादी. मी विचारलं, "तुम्ही घोरता का हो?" तर म्हणाल्या, "हौ, घोरते ना. कायकू परेशान होते? कापूस देते मी, नवा आहे." नवऱ्यामागे त्या दर वर्षी टूरला जातात. कुठे कुठे गेलात विचारलं तर ठिकाणं धड आठवेनात, माणसं मात्र सगळी आठवतात. अंदमानला कोणाचा दात पडला, केरळात कोणाचं लग्न जमलं.

मी त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं. बहीण एकटी फिरते, बॅग पाठीला, हॉटेल ठरलेलं नाही, कधी परतणार तेही नाही. त्यांनी डोळे मोठे केले आणि विचारलं, "आणि मग ती बघितलेलं सांगते कुणाला?"

या प्रश्नाचं उत्तर तूच देऊ शकशील.

ताई


काझा, स्पिती
१२ सप्टेंबर

सुप्रिया,

पोचले. डोकं जड आहे, बाकी धडधाकट. इथे गावात सगळ्यांचे फोन चालतात, म्हणजे काझा या खटल्यातून बाद.

आतापर्यंत ग्रुपचा हिशोब तुला सांगते. ताबोच्या मठासमोर आम्ही पुरणपोळी खाल्ली. आचाऱ्याने गॅसची शेगडी बसच्या आडोशाला मांडली होती. एक तरुण भिक्षू दुरून बघत होता, मालनबाईंनी त्याला हाताने बोलावून पोळी दिली, वर तुपाची धार. त्याने खाल्ली आणि दुसरी मागितली. मठाच्या आत मात्र आम्हाला अर्धा तास होता. भिंतीवर हजार वर्षांची चित्रं, अंधारात डोळे सरावायलाच दहा मिनिटं लागतात. कुठे काही दिसायला लागलं तोच शिट्टी झाली. मला रडूच आलं गं. मी अनिकेतला म्हटलं, अजून थोडा वेळ दे. तो म्हणाला, "मावशी, पन्नास माणसांना थोडा थोडा वेळ दिला तर आपण दिवाळीला घरी पोचू." त्याचंही बरोबर आहे, हाच तर त्रास आहे.

जगातलं सगळ्यात उंचावरचं म्हणतात त्या पोस्ट ऑफिसातही नेलं. सगळे पोस्टकार्डं लिहीत होते. मी डोकावून पाहिलं, तर बहुतेकांनी स्वतःच्याच पत्त्यावर लिहिली होती. मी विचारलं, असं का हो? एक गृहस्थ म्हणाले, "घरी पोचल्यावर कुणाचंतरी पत्र यायला हवं ना." ते विनोदाने म्हणाले, पण हसलं कोणी नाही.

आता मुद्द्याचं. तुझं गाव आमच्या कार्यक्रमात नाही. उद्या सगळे आसपासचे मठ बघणार, परवा सकाळी बस मनालीकडे निघणार. मी अनिकेतला सांगितलं, मी उद्या दुपारच्या सरकारी बसने पिन खोऱ्यात जाते, रात्री तिथे राहते, परवा सकाळच्या बसने परत येते. त्याचा चेहरा उतरला. "मावशी, बस आठला सुटणार. तुम्ही आला नाहीत तर मी थांबू शकत नाही. पुढे घाट आहे." मी म्हटलं, नको थांबूस.

मालनबाई म्हणाल्या, "नक्को गं. तब्येत बिघडली तर कोण बघणार?" मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी आपली गरम पाण्याची पिशवी माझ्या बॅगेत कोंबली.

सुप्रिया, एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, तू ऐकायला होतीसच कुठे. शेवटच्या दिवशी आई सकाळी चांगली शुद्धीवर होती. म्हणाली, "सुप्री कुठे आहे?" मी म्हटलं, "स्पितीला गेलीये, हिमालयात." आईने थोडा विचार केला आणि विचारलं, "तिथे काय आहे?" ती रागावून नव्हती विचारत. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, तिचा तो स्वर तुला माहीत आहे. मी म्हटलं, "डोंगर असतील." ती म्हणाली, "ते तर आहेतच." मग तिला झोप लागली, ती लागलीच.

फोनचं एक आहेच. पण मला हेही बघायचंय.

ताई


तुझं गाव
१३ सप्टेंबर, संध्याकाळ

हे टूरच्या कार्यक्रमाच्या कागदामागे लिहिते आहे, दुसरा कागद नाही.

बसमध्ये मी, मटारची रिकामी पोती, एक बकरी आणि गावची माणसं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला कुठे बसायचं ते सांगितलं नाही, म्हणून मी मूर्खासारखी उभीच राहिले. शेवटी एका बाईने हाताला धरून खाली बसवलं. नदी ओलांडल्यावर डोंगर जांभळे व्हायला लागले. जांभळे, हिरवे, गंजलेल्या पत्र्यासारखे तांबडे. मी शेजारणीला विचारलं, हा रंग कसला? ती म्हणाली, "पहाड का ही है."

रस्ता संपतो तिथे उतरले. राहायला कुठे मिळेल म्हणून पहिल्याच घरात विचारलं. घरमालकीण छेरिंग, चाळिशीची, हातात मटार सोलणं चालू. उतरल्या उतरल्या फोन काढला. रेंज नाही. एकही काडी नाही. खोलीत नाही, अंगणात नाही, गच्चीवरही नाही. सुप्रिया, त्या क्षणी मी इतकी खूश झाले की सांगता येत नाही. मनात पुण्याचं तिकीटसुद्धा काढून झालं.

मग माझी चौकशीची खोड. छेरिंगला विचारलं, "यहाँ फोन लगताच नहीं क्या?"

"घर में नहीं लगता. ऊपर वो बड़ा पत्थर है ना, वहाँ लगता है. सिर्फ सरकारी वाला."

"ये कबसे लगरा?"

ती एकदम हसायला लागली. म्हणाली, "आप भी ऐसे ही बोलती हो! एक दीदी आई थीं, लॉकडाउन से पहले. लगरा, जारा, नक्को नक्को. मेरी बेटियाँ आज तक नक्को बोलती हैं."

बघ, पुण्यात इतकी वर्षं राहून तू सगळं बदललंस आणि हिंदी मात्र काचीगुड्याचीच ठेवलीस. पकडली गेलीस ती तिच्यामुळे.

मी विचारलं, तेव्हाही पत्थरावर फोन लागायचा? ती म्हणाली, हो, तेव्हाही. मी विचारलं, त्या दीदीला माहीत होतं? मटार सोलता सोलता तिने सगळं सांगितलं. पहिल्याच दिवशी तिने तुला पत्थर दाखवला होता. तू फोन बंद करून तिच्याकडे दिलास आणि म्हणालीस, "आटे के डिब्बे के पीछे रखो. मैं माँगी तो भी नक्को देना." सगळे एक रात्र राहतात, तू आठ राहिलीस.

म्हणजे फोन लागतो. तू खोटं बोललीस. पाच वर्षं मी बरोबर होते, सुप्रिया. मला वाटलं होतं, बरोबर ठरल्यावर बरं वाटेल. पुढे लिहवत नाही.


तिथेच, सूर्य डोंगराआड गेल्यावर

छेरिंगने पुढचं नंतर सांगितलं. मी विचारलं नव्हतं. निघायच्या दिवशी तू फोन मागून घेतलास आणि खाली पुलावर गेल्यावर चालू केलास. तिथे थोडी रेंज येते. मग तू पुलावरच बसलीस. गाडीवाला हॉर्न वाजवत होता, तुला ऐकू येत नव्हतं. शेवटी छेरिंगच्या नवऱ्याने तुला उचलून गाडीत बसवलं. त्या पुलावरून मी दुपारी बकरीशेजारी बसून आले.

मग मी पत्थरावर गेले. तुझ्याशी भांडायचंच होतं, म्हटलं तिथूनच लावावा फोन, ब्लॉक तर ब्लॉक. फोन हातात धरला आणि धडाधड निरोप यायला लागले. रोहन: आई, मिक्सरचं गॅरंटी कार्ड कुठे? सूनबाई: आई, पिंकूला ताप नाही पण खोकला आहे, आलं चालेल का? तुझे भाऊजी: बीपीची गोळी सकाळची की रात्रीची? सोसायटी: पाण्याचा टँकर. रोहन परत: आई?? भाऊजी परत: बरं, सापडली. पुन्हा भाऊजी: ती ती नव्हती.

मी तिथे उभी होते. खाली मटाराची शेतं, नदीचा आवाज, समोर ते जांभळं अंगावर येणारं. आणि माझ्या हातात तो डबा कोकलत होता.

मी फोन बंद केला.

ठरवून केला. बटण दाबलं, पडदा काळा झाला, आणि पत्थरावर बसले. किती वेळ ते माहीत नाही. कोणी शिट्टी वाजवली नाही. मी कुणाची आई नव्हते, आजी नव्हते, मास्तरीण नव्हते. मला भूक लागली आहे हेसुद्धा मला माझं मला कळलं, कुणाच्या ताटाकडे बघून नाही. थंडी वाजायला लागली तरी उठवेना.

मग एकदम मनात आलं. आत्ता, या वेळात, तिकडे काही झालं असतं तर? पिंकूचा खोकला वाढला असता, ह्यांनी चुकीची गोळी घेतली असती. काही झालं नाही. धावत परत फोन चालू करून बघितलं, भाऊजींनी टीव्हीसमोर झोपलेल्या पिंकूचा फोटो टाकला होता. माझ्या वेळी काही झालं नाही. तुझ्या वेळी झालं. आपल्या दोघींत एवढाच फरक आहे, सुप्रिया.

तू त्याआधी सगळा उन्हाळा आईजवळ काढला होतास, मी रोहनच्या घरी सूनबाईच्या बाळंतपणात असताना. रात्री तिला कुशीवर वळवणं, डायपर, सगळं. डॉक्टर म्हणाले होते, आता काळजी नाही. "जा" असं तुला मीच म्हटलं होतं. मी हे विसरले नव्हते. रागाच्या भरात बाजूला ठेवलं होतं.


काचीगुडा
२९ सप्टेंबर

सुप्रिया,

घरी येऊन आठवडा झाला. धोब्याचे कपडे, पाहुणे, पिंकूचा खोकला (आलं चाललं). आज बसले.

परतीचं सांगायचं राहिलं. सकाळची बस वाटेत बंद पडली. काझ्याला पोचले तेव्हा आठ केव्हाच वाजून गेले होते. मला खात्री होती की आमची बस गेली असणार, आणि बॅग घेऊन एकटीने मनाली गाठायची तयारी मी मनाशी केली होती. खरं सांगते, थोडी हौसही वाटत होती. वळणावर पाहते तर बस उभी. दारातल्या पायरीवर मालनबाई बसलेल्या, मांडी घालून, शाल पांघरून. दार लावता येईना, बस हलवता येईना. अनिकेत शेजारी डोक्याला हात लावून. त्या त्याला म्हणत होत्या, "तू तेरा घाट बघ, बाबा. मी इथून उठणार नाही. माझी जोडीदार आली नाही."

बसमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोघा-तिघांनी तोंडं वाकडी केली, तीही बरोबरच होती. माझी सीट त्या दिवशी सगळ्यात मागे होती. तिथे मी हमसून हमसून रडले आणि कोणीतरी पुढून आवळासुपारी पाठवली.

तेव्हा तू मोठी की मी मोठी, ग्रुप चांगला की एकटं चांगलं, या आपल्या जुन्या वादाचा निकाल मला लावता येत नाही. तू मला नेलंस तिथे शिट्टी घेऊन जाता आलं नसतं. आणि तुझ्यासारखी एकटीच राहिले असते तर पायरीवर कोणी बसलं नसतं. पुलावर तुझ्याजवळ आपलं कोणीच नव्हतं. हे आठवलं की मला जेवण जात नाही. त्या दिवशी तुझ्या शेजारची सीट रिकामी होती आणि ती माझी होती.

माफी मागायला मी पुण्याला येणार नाही. ठरलं होतं ते ठरलं होतं, फोन लागतो. आणि तू ज्याच्यासाठी खोटं बोललीस तेही मला कळलं. "फोन बंद केला होता" हे मला सांगायची तुला भीती वाटली. पाच वर्षांपूर्वी मी ते ऐकूनच घेतलं नसतं.

आता आईचं. काल तिच्या फोटोसमोर दिवा लावताना मी तिला उत्तर दिलं. म्हटलं, आई, तू विचारलं होतंस ना, तिथे काय आहे? तिथे कोणी हाक मारत नाही. आयुष्यभर तुला सगळ्यांनी हाका मारल्या, म्हणून तुला ते कळलं असतं. मी एकटीने सांगितलं, पण अर्धंच सांगता आलं. जांभळ्या रंगाचं मला नीट जमलं नाही. ते तू सांग.

दसऱ्याला ये. सिकंदराबादला उतर की काचीगुड्याला, रिझर्वेशन कर की करू नकोस, कळव की कळवू नकोस, तुझ्या पद्धतीने ये. मालनबाईंना मी सांगून ठेवलं आहे की माझी जोडीदार येणार आहे. त्या म्हणाल्या, "आली नाही तर मी आहेच." पण त्या घोरतात.

आलीस की आपण दोघी गच्चीवर बसू आणि दोन्ही फोन पिठाच्या डब्यामागे ठेवू. खालून कितीही हाका आल्या तरी उठायचं नाही.

तुझी ताई